हलका कान आणि सैल जीभ

शास्त्रपाठ : यहोशवा २२:९–३४, लेवीय १९:१६, मत्तय १८:१५–१७, याकोब ३:१–१२.

पाठाचा उद्देश : चहाडी हे लहान पाप नाही, आणि ती ऐकणारा सांगणाऱ्याइतकाच जबाबदार आहे, हे मंडळीच्या ध्यानात यावे.



दारू, जुगार, चोरी आणि व्यभिचार ह्या पापांविरुद्ध आमच्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश होतो, आणि तो व्हावयास पाहिजे. मद्यप्राशन करून उपासनेस येणाऱ्या मनुष्यास आपण दाराशीच थांबवितो. परंतु एक पाप असे आहे की, त्यास कोणी अडवीत नाही. ते उपासनेच्या वेळी पुढल्या रांगेत बसते, गीत मोठ्याने गाते, दानही घालते, आणि आशीर्वाद झाल्याबरोबर मंदिराच्या ओट्यावर आपला उद्योग सुरू करते. ते पाप म्हणजे चहाडी होय.

आमच्या मराठी भाषेत ह्या पापास नावे थोडी नाहीत. चहाडी, चुगली, लावालावी, कुटाळकी, कान भरणे, कानाशी लागणे, अशी कितीतरी सांगता येतील. ज्या वस्तूचा घरात रोज उपयोग होतो तिलाच मनुष्य इतकी नावे देतो. तस्मात् हे पाप आमच्या घरात किती रुळले आहे, ह्याची साक्ष आमची भाषाच देत आहे.

१. चहाडी कशास म्हणावे?

पुष्कळांची अशी समजूत असते की, खोटे सांगितले तर ती चहाडी. खरे सांगितले तर दोष नाही. "आम्ही काय खोटे बोललो?" असे म्हणून ते मोकळे होतात. पण हे बरोबर नाही. खोटी साक्ष देऊ नये ही नववी आज्ञा आहेच. तथापि खरी गोष्टही चहाडी होऊ शकते. कोणतीही गोष्ट जिभेवर येण्यापूर्वी आपण आपल्या मनास तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ज्याच्याविषयी बोलावयाचे, तो येथे समोर आहे काय? दुसरा, ज्याला सांगावयाचे, त्याच्या हाती ती गोष्ट सुधारण्याचा काही उपाय किंवा अधिकार आहे काय? तिसरा, ही गोष्ट सांगताना आम्हांस दुःख होत आहे की गोडी लागत आहे? ज्याचे बोलावयाचे तो समोर नाही, ऐकणाऱ्याच्या हाती उपाय नाही, आणि सांगणाऱ्यास मात्र गोडी आहे, अशी गोष्ट अक्षरशः खरी असली तरी ती चहाडीच होय.

नीतिसूत्रांचा कर्ता मोठा मर्मज्ञ आहे. कानाशी लागणाऱ्याचे शब्द चवदार घासासारखे पोटात खोल उतरतात, असे तो दाखवितो (१८:८). हे आमच्या सर्वांच्या अनुभवाचे आहे. रविवारचा उपदेश सोमवारी आठवत नाही. पण शेजारच्या घरातील भांडणाची गोष्ट दहा वर्षे आठवते. जे गोड लागले ते पोटात राहिले.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकू. चहाडीचा विषय निघाला की आमचे पुरुष स्त्रियांकडे पाहून हसतात. स्त्रिया पाणवठ्यावर बसून बोलल्या तर ती चहाडी, आणि पुरुष पारावर बसून तेच बोलले तर ती 'चर्चा', हा न्याय पवित्र शास्त्राचा नव्हे. घरोघर फिरून नको ते बोलणाऱ्या तरुण विधवांविषयी पौलाने तीमथ्यास लिहिले हे खरे. पण योहानाने आपल्या तिसऱ्या पत्रात वाईट बोलून मंडळी बिघडविणारा म्हणून ज्याचे नाव घेतले, तो दियत्रफेस पुरुष होता, आणि मंडळीत अग्रस्थानाची हाव धरणारा होता. तेव्हा हा पाठ पाळकास, उपदेशकास आणि वडिलास प्रथम लागू आहे.

२. शब्दापासून रक्तापर्यंत

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील सोळावे वचन आपण पुष्कळदा अर्धेच वाचतो. पूर्वार्धात लोकांमध्ये चहाड्या करीत फिरू नये असे सांगितले आहे. तेथील इब्री शब्दाचा संबंध गावोगाव फिरून माल विकणाऱ्या फेरीवाल्याशी जोडला जातो. जसा फेरीवाला एका दारचा माल दुसऱ्या दारी नेतो, तसा चहाडखोर एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेऊन विकतो, आणि मोबदला म्हणून तेथून नवी गोष्ट घेऊन निघतो. पण त्याच वचनाच्या उत्तरार्धात शेजाऱ्याच्या रक्ताचा विषय आहे. त्याच्या जिवावर उठू नये, असा त्याचा भाव. चहाडी आणि रक्त ही दोन्ही एकाच वचनात का यावीत, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राने आमच्या डोळ्यांदेखत पाहिले आहे.

रविवार, १ जुलै २०१८ हा दिवस आठवा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या समाजाचे पाच पुरुष तेथे आले होते. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून पोट भरणारे हे लोक. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. त्या दिवसांत मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशा वार्ता मोबाइल फोनवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्या पाचांवर लोकांचा संशय गेला. त्यांना धरून ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि तेथे मारहाण करून पाचांचाही प्राण घेतला. त्यांनी कोणाचेही मूल चोरले नव्हते.

हे दूरच्या जिल्ह्याचे झाले, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. त्यापूर्वी थोड्याच दिवसांनी, जून २०१८ मध्ये, आपल्याच छत्रपती संभाजीनगर (त्या वेळचे औरंगाबाद) जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील चांदगाव येथे जमावाने दरोडेखोर समजून काही माणसांस धरले, आणि त्या मारहाणीत दोघे मरण पावले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा गाडीचालक अशा तिघांस ठार केले. आणि चमत्कार पाहा की, ते रक्त वाळते न वाळते तोच मारणाऱ्यांच्या धर्माविषयी दुसरी अफवा उठली. तेव्हा धरलेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांस जाहीर करावे लागले. एका अफवेने माणसे मारली. दुसरी अफवा त्या प्रेतांवर उभी राहून आणखी माणसे मारावयास निघाली.

राईनपाड्याच्या लोकांनी सकाळी उठून खून करण्याचे ठरविले नव्हते. तेही बाजारास आलेले, मुलाबाळांचे आईबाप होते. त्यांचे पहिले पाप हात उचलणे हे नव्हते. ऐकलेले न विचारता खरे मानले, आणि मानलेले न थांबता पुढे सांगितले, हे त्यांचे पहिले पाप होते. हेच पाप आमच्या मंदिराच्या ओट्यावर होत असते. तेथे मनुष्याचा देह मरत नाही, नाव मरते. एवढाच काय तो भेद.

येथे ख्रिस्ती मनुष्याने आणखी एक गोष्ट स्मरणात ठेवावी. मुले चोरण्याचा आरोप एके काळी आमच्याच विश्वासाच्या पूर्वजांवर होता. रोमी साम्राज्यात ख्रिस्ती लोक गुप्तपणे जमून बालके मारून खातात, अशी अफवा होती. आफ्रिकेतील कार्थेज नगराच्या तर्तुल्यानाने इ. स. १९७ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांच्या समर्थनार्थ जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यास ह्या आरोपाचे खंडन करावे लागले. आणि त्याही पूर्वी, इ. स. ६४ मध्ये रोम शहर जळाले तेव्हा, आग बादशहा नीरोनेच लावविली ही कुजबूज बंद पाडण्यासाठी त्याने ख्रिस्ती लोकांवर दोष ढकलला, असे रोमी इतिहासकार तासितुस सांगतो. ज्यांच्या वडिलांस अफवेने वधस्तंभावर आणि श्वापदांपुढे नेले, त्यांच्या मुलांनी अफवेची वाहने व्हावे काय?

३. पराचा कावळा कसा होतो?

पराचा कावळा होतो, असे आपण म्हणतो. पण तो कसा होतो हे पाहणे उपयोगी आहे. अमेरिकेतील गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एकास चित्र दाखवावयाचे, त्याने त्याचे वर्णन दुसऱ्यास सांगावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्यास, असे करीत त्यांनी शोध केला. पाचसहा तोंडांतून जाईतो मूळच्या तपशिलापैकी सुमारे ७० टक्के तपशील गळून जातो, असे त्यांस आढळले. जे उरते ते अधिक टोकदार होते. आणि सांगणाऱ्याच्या मनात ज्या जातीविषयी अथवा ज्या माणसाविषयी आधीच किंतु असेल, त्या रंगाने ती गोष्ट रंगून जाते. म्हणजे लबाडी करण्याचा कोणाचाही हेतू नसता गोष्ट लबाड होते. प्रत्येक जण शपथेवर म्हणू शकतो, "मी ऐकले तेच सांगितले."

ज्यांनी शहरातील पाणचक्की पाहिली आहे त्यांस हे लवकर समजेल. ह्या नगरास जमिनीखालून पाणी आणण्याची कला जुनी आहे. सतराव्या शतकात मलिक अंबराने येथे नहर बांधविली. पाणचक्कीस येणारे पाणीही दूरच्या डोंगरातील झऱ्यापासून मातीच्या नळांतून कित्येक मैल भूमीखालून येते, आणि त्याच्या बळावर तेथे जाते फिरत असे. पाणी कोठून येते हे वर उभे राहून कोणास दिसत नाही. वाटेत एखादा नळ फुटून त्यात घाण शिरली, तर शेवटी पिणारा म्हणेल, पाणी डोंगरातले आहे. चहाडीचे असेच असते. ती भूमीखालून वाहते. दहाव्या घरी पोहोचते तेव्हा ती पहिल्या तोंडची म्हणून प्याली जाते, आणि मधल्या नऊ घरांची घाण कोणी मोजीत नाही. एकाच झऱ्यातून गोड व कडू पाणी निघत नाही, असे याकोब लिहितो (३:११). त्याच जिभेने देवाची स्तुती आणि त्याच जिभेने देवाच्या प्रतिमेप्रमाणे केलेल्या माणसाची निंदा, हे त्यास सहन होत नाही.

आता तर प्रत्येकाच्या खिशात असा नळ आहे. पूर्वी एक गोष्ट पुढल्या गावी जावयास बाजाराचा दिवस यावा लागे. आज बोट लावण्याचा अवकाश. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एकच संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये अशी मर्यादा जाहीर केली. आणि एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जावा असे केले. व्यापार करणाऱ्या कंपनीस जे कळले, ते देवाच्या मंडळीस कळू नये काय? तिने बोटास लगाम घातला. आम्हांस तर जिभेस लगाम घालण्याची आज्ञा फार पूर्वीच झाली आहे.

४. विचारून पाहणारे लोक

आता मुख्य शास्त्रपाठाकडे वळू. रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेपलीकडे आपल्या वतनास परत जात असता त्यांनी नदीकाठी एक मोठी वेदी बांधली. ही बातमी बाकीच्या इस्राएलास कळली. बातमी खोटी नव्हती. वेदी खरोखर होती. पण तिचा अर्थ त्यांनी आपल्या मनाने लावला, की हे लोक परमेश्वरास सोडून फितुर झाले. सर्व मंडळी शिलो येथे लढाईस जमली. सख्ख्या भावांचे युद्ध एका दिवसावर आले होते.

तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली, आणि तिच्यामुळे हजारो जीव वाचले. तरवार चालविण्यापूर्वी त्यांनी एलाजार याजकाचा पुत्र फिनहास ह्यास व त्याच्याबरोबर दहा सरदारांस विचारावयास पाठविले. ह्या शिष्टांनी आपला संशय झाकून ठेविला नाही. तो त्यांनी त्या लोकांच्या तोंडावर सांगितला, आणि मग त्यांचे उत्तर ऐकून घेतले. उत्तर असे निघाले की, ती वेदी होमबलींसाठी नव्हतीच. पुढे तुमची मुले आमच्या मुलांस, "तुमचा आमच्या देवाशी काय संबंध?" असे म्हणतील ह्या भयाने, आपण एकच प्रजा आहो ह्याची साक्ष म्हणून ती बांधली होती. ज्या गोष्टीस ते बंड समजले, ती प्रीतीची खूण निघाली. फिनहास संतुष्ट झाला, आणि युद्धाची गोष्ट मिटली.

राईनपाडा आणि यार्देन ह्यांत अंतर किती? एका प्रश्नाचे. "बाबांनो, तुम्ही कोण, कोठले?" एवढे शांतपणे विचारून उत्तर खरे की खोटे हे पाहावयास एक तास कोणी दिला असता, तर पाच घरे उघडी पडली नसती. आणि असा मनुष्य मिळत नाही असेही नाही. त्याच १ जुलैच्या रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावात मुले पळविणारे समजून जमावाने एका लहान मुलासह पाच जणांस घेरले होते. एका रहिवाशाने त्यांस आपल्या घरात आसरा दिला, आणि पोलिसांनी जमावाशी झुंजून त्यांस वाचविले. एकाच दिवशी एका गावी प्राण गेले, दुसऱ्या गावी वाचले. जेथे एका मनुष्याने लोकांचे म्हणणे ऐकूनही आपले दार उघडले, तेथे वाचले.

५. ऐकणाऱ्याचे पाप

चहाडखोरास आपण सर्वच वाईट म्हणतो. पण ऐकणारा नसेल तर चहाडखोर कोणास सांगेल? लाकूड नसले म्हणजे अग्नी विझतो, तसा कानाशी लागणारा नसला म्हणजे तंटा मिटतो, हा शलमोनाचा विचार प्रसिद्ध आहे (नीतिसूत्रे २६:२०). आम्ही एवढेच जोडू की, हलका कान हेही लाकूडच आहे.

दावीद राजा कानाचा हलका नव्हता. तरी तोही फसला. अबशालोमाच्या भयाने तो पळत असता, मफीबोशेथाचा चाकर सीबा लादलेली गाढवे घेऊन त्यास भेटला. दोनशे भाकरी, द्राक्षांचे घड, उन्हाळी फळे, द्राक्षारसाचा बुधला, असा नजराणा त्याने आणिला, आणि नजराण्याबरोबर चहाडी आणिली की, आपला धनी राज्य मिळेल ह्या आशेने यरुशलेमेत राहिला आहे. दावीद थकलेला, भुकेलेला आणि पुत्राच्या द्रोहाने घायाळ झालेला होता. त्याने काही न विचारता पांगळ्या मफीबोशेथाची सारी मिळकत सीबास देऊन टाकिली (२ शमुवेल १६:१–४). पुढे तो परतला तेव्हा मफीबोशेथ पुढे आला. राजा गेल्या दिवसापासून त्याने ना पाय धुतले होते, ना दाढी नीट केली होती, ना वस्त्रे धुतली होती. त्याचे अंगच त्याची साक्ष देत होते. तरीही दावीदाने शेत दोघांत वाटून टाकिले (१९:२४–३०). म्हणजे खोटे उघडकीस आल्यावरही चहाडखोराचा अर्धा वाटा त्याच्याकडे राहिला. चहाडीचा हा धर्मच आहे. ती खोटी ठरली तरी तिने नेलेले पुरते परत येत नाही.

६. आमचा स्वतःचा अपराध

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविताना आपल्या डोळ्यातील मुसळ लपवावे, हे ह्या पाठाच्या लेखकास शोभणार नाही. म्हणून एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील एका खेड्याच्या मंडळीत उपकारस्तुतीचा सण झाला. लोकांनी बाजरी, ज्वारी, कोंबड्या, अंडी अशी अर्पणे आणिली. पुढे काही दिवसांनी बाजाराच्या गावी चहाच्या दुकानात एका बंधूने आमच्या कानात सांगितले की, उपदेशकाने अर्पणाच्या बाजरीची दोन पोती विकून पैसा मुलाच्या शिक्षणास लाविला. आम्ही त्यास रागे भरलो नाही, "चला, दोघे जाऊन त्यांनाच विचारू," असेही म्हटले नाही. आम्ही ऐकून घेतले. पुढील सोमवारी आम्ही ती गोष्ट एका सोबती सेवकास सांगितली, आणि शेवटी म्हटले, "त्यांच्यासाठी प्रार्थना करा." ह्या एका वाक्याने आमचे मन निश्चिंत झाले. चहाडीस प्रार्थनेचा अंगरखा घातला की ती भक्तीसारखी दिसते.

दोन आठवड्यांत ती गोष्ट फिरून आमच्याकडेच आली. आता दोन पोत्यांची पाच झाली होती, आणि तिच्या अंती जोडलेले होते की, "हे खुद्द पाळकांनीच सांगितले." तेव्हा आम्ही त्या गावी गेलो. उपदेशकांनी सर्व ऐकून घेतले, आत गेले, आणि एक पावती आणून आमच्यापुढे बाजेवर ठेविली. मंदिराच्या पडवीसाठी उधार आणलेल्या पत्र्यांचे पैसे त्यांनी त्या बाजरीतून फेडले होते. वहीत नोंद करावयाची मात्र राहून गेली होती. ती त्यांची चूक त्यांनी आपणहून कबूल केली. मग ते म्हणाले, "पाळकसाहेब, ह्या तीन रविवारी आपण माझ्याच घरी जेवलात. तेव्हा का नाही विचारले?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. पुढल्या रविवारी आम्ही मंडळीसमोर आमचा अपराध पदरी घेतला. त्यांनी आमची क्षमा केली, आणि ती मनापासून केली, असा आमचा विश्वास आहे. तरी अर्पणाच्या कोठीची किल्ली त्यांनी पुन्हा हाती घेतली नाही. आजही त्या मंदिरात पडवीखाली उभे राहिलो म्हणजे वरचे पत्रे पाहण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

७. मौन हेही कधी पाप होते

ह्या पाठाचा कोणी उलटा अर्थ करू नये. चहाडीच्या भयाने गुन्हा झाकणे हे ख्रिस्तीपण नव्हे. खलवेच्या घरच्या माणसांनी करिंथातील भांडणे पौलास कळविली, आणि पौलाने आपल्या पत्रात त्यांचे नाव उघड लिहिले (१ करिंथ १:११). ती चहाडी नव्हती. कारण ज्यास उपाय करण्याचा अधिकार होता त्यासच त्यांनी सांगितले, आणि आपले नाव लपविले नाही. पौलाच्या जिवावर टपलेल्या लोकांचा कट त्याच्या भाच्याने ऐकला, तेव्हा तो गप्प बसला नाही. त्याने सरदारापर्यंत बातमी पोहोचविली (प्रेषितांची कृत्ये २३:१६–२२).

म्हणून कोणा लेकराशी दुष्कर्म झाले असेल, कोणा स्त्रीस मारहाण होत असेल, मंडळीचा पैसा खरोखर खाल्ला जात असेल, तर "चहाडी नको" असे म्हणून पीडितांचे तोंड बंद करणारा पाळक देवापुढे दोषी ठरेल. अशी गोष्ट पोलिसांस किंवा योग्य अधिकाऱ्यास तात्काळ सांगितलीच पाहिजे. ओट्यावर सांगणे ही चहाडी; अधिकाऱ्यापुढे आपल्या नावानिशी सांगणे ही साक्ष.

८. उपदेशकांसाठी व्यवहाराचे नियम

(अ) कोणी कोणाविषयी सांगू लागला म्हणजे प्रथम विचारावे, "तुम्ही त्यास स्वतः भेटलात काय?" प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात हाच क्रम लावून दिला आहे. प्रथम तू आणि तो एकटे, मग एक दोन साक्षी, शेवटी मंडळी. आम्ही हा क्रम उलटा करतो. प्रथम सर्व गावास कळते, आणि ज्याचे त्यास सर्वांच्या शेवटी.

(आ) "तुमचे नाव घेऊन त्यांना विचारू काय?" असेही विचारावे. पुष्कळ चहाड्या ह्या एका प्रश्नाने जागच्या जागी मरतात.

(इ) वडिलावरील आरोप दोघा तिघा साक्षींवाचून घेऊ नये, असा पौलाचा तीमथ्यास नियम आहे (१ तीमथ्य ५:१९). तो मोठ्यांस पाठीशी घालण्यासाठी नव्हे. त्याच्या पुढल्याच वचनात पाप करणाऱ्यास सर्वांसमोर दोष देण्यास सांगितले आहे.

(ई) मंडळीचा हिशेब दर महिन्यास उघड वाचून दाखवावा, आणि प्रत्येक पोत्याची व प्रत्येक रुपयाची नोंद त्याच दिवशी करावी. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमविलेल्या वर्गणीविषयी कोणी दोष ठेवू नये म्हणून पौलाने आपल्याबरोबर दुसरे बंधू घेतले (२ करिंथ ८:२०–२१). उघड्या वहीजवळ चहाडी फार वेळ बसत नाही.

(उ) फोनवर आलेला भयंकर संदेश पुढे पाठविण्यापूर्वी पोलीस पाटील किंवा जवळचे पोलीस ठाणे ह्यांस विचारावे. तोपर्यंत तो आपल्यापाशीच थांबवावा. गावात परका मनुष्य दिसला तर त्यास पाणी विचारावे, नाव विचारावे. हात उचलू नये, आणि उचलू देऊ नये.

(ऊ) प्रार्थनासभेत कोणाचे पाप 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मांडू नये. ज्याची चिंता वाटते त्याचे नाव एकांतात देवापुढे घ्यावे. देवास तपशील सांगावा लागत नाही.

(ए) आपल्या तोंडून चहाडी गेली असेल तर, जितक्या लोकांस ती सांगितली तितक्यांकडे परत जावे, आणि शेवटी ज्याची केली त्याच्याकडे जावे. हे कठीण आहे. पण एकदा हा फेरा करणारा मनुष्य दुसऱ्यांदा बोलताना दहा वेळा विचार करील.

विचारण्याचे प्रश्न

१. यार्देनेजवळच्या वेदीची बातमी खरी असूनही इस्राएलाचा समज चुकीचा कसा ठरला?
२. दावीदाने सीबाचे म्हणणे लागलेच का मानले? आपणही कोणत्या वेळी अधिक हलक्या कानाचे होतो?
३. खलवेच्या घरच्यांनी केलेले सांगणे आणि चहाडी ह्यांत भेद कोणता?
४. गेल्या आठवड्यात आपण कोणाविषयी त्याच्या पाठीमागे बोललो? ह्याचे उत्तर मंडळीत देऊ नये. त्या मनुष्याच्या घरी जाऊन द्यावे.

प्रार्थना

हे प्रभो, तुझ्यावर खोटे साक्षीदार उभे राहिले आणि तू उत्तर दिले नाहीस. आमच्या मुखावर पहारा ठेव, आणि आमच्या कानांवरही ठेव. ज्याचे नाव आम्ही मळविले त्याच्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ आमच्या पायांस दे. आमेन.